चिंच लावण्याआधी: कोकणातल्या घरातल्या जुन्या वस्तू पाहायला शिकताना

मे महिन्यात गावचे घर उघडले की माळ्यावरून हंडे, समया, तडकलेल्या काचेच्या तसबिरी, एखादी पेटी खाली येते. पुढचे काम ठरलेले असते: सगळे विहिरीवर न्यायचे आणि चिंच, मीठ, राख लावून लखलखीत करायचे. वस्तू किती जुनी, कशी घडवली, कुठे दुरुस्त झाली हे सांगणाऱ्या बऱ्याच खुणा त्या अर्ध्या तासातच धुऊन जातात. म्हणून या कामाचा क्रम उलटा करा. आधी पाहणे, मग नोंद, साफसफाई सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा ती करायचीच नाही.

सामान आणि पहिली नोंद

दहापट मोठे दाखवणारे भिंग, बारीक झोताची बॅटरी, छोटे लोहचुंबक, पाच किलोपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपट्टी, एक इंची मऊ ब्रश, धुतलेले मलमल आणि शिसपेन्सिल. पेन नको, कारण त्याची शाई दमट हवेत पसरते आणि वस्तूला लागते. पाहणी ओटीवर किंवा पडवीत दिवसाच्या उजेडात करा. खाली जुनी गोधडी पसरा, म्हणजे हातून निसटलेले काशाचे भांडे तडकणार नाही.

प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर क्रमांक, वहीत त्याच क्रमांकापुढे उंची, व्यास, वजन आणि वस्तू घरात कुठे सापडली ते. ही शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. देवघरातले ताम्हन आणि न्हाणीघरातले घंगाळ यांची झीज वेगवेगळी असते. दोन्ही एकाच गोणीत भरली की ती झीज कशाची, हे सांगायला काही उरत नाही. घरातल्या वयस्कर माणसांना विचारायचे तर याच वेळी विचारा. काकू-आत्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून ठेवा, पण पुराव्याच्या रकान्यात घालू नका. ‘पणजीच्या लग्नातली’ म्हणून दाखवलेल्या कळशीवर किलोतल्या वजनाचा, म्हणजे १९५६ नंतरचा, छाप निघतो, असे होऊ शकते.

फोटो चार काढा: समोरून, मागून, बुडाचा, आणि जिथे काही लिहिले असेल तिथला जवळून. अक्षरांवर उजेड बाजूने, तिरपा पाडा. समोरून टाकलेल्या फ्लॅशमध्ये पुसट अक्षरे दिसेनाशी होतात.

आधी बूड, मग तोंड

वस्तू उलटी करा. समोरची बाजू कारागिराने लोकांना दाखवण्यासाठी केलेली असते. बूड, पाठ, झाकणाची आतली कड, कप्प्याची मागची फळी इथे त्याचे हत्यार दिसते आणि नंतरच्या माणसांची डागडुजीही दिसते.

बुडावर झीज शोधा. वापरातली वस्तू ठरावीक जागीच झिजते. समई तळाच्या बाहेरच्या कडेवर, तांब्या ओठावर आणि मानेपाशी, मूर्ती नाक, गुडघे आणि रोज गंध लागते त्या कपाळावर. बाजारात जुनेपण ‘चढवलेल्या’ वस्तूचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो, आणि जिथे कुणाचा हात कधी पोचणार नाही अशा खोबणीतही झीज दिसते. खऱ्या वस्तूत याच्या नेमके उलट: उंचवटे गुळगुळीत, खोबणीत तेल-कुंकवाचा घट्ट थर. म्हणूनच तो थर लगेच काढायचा नाही.

तांबे, पितळ, कासे

कोकणातल्या घरात सगळ्यात जास्त वस्तू धातूच्या, आणि शिकायलाही त्याच सोप्या. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील, साधारण ७८ भाग तांब्याला २२ भाग कथील. कासे ठिसूळ असते. ते वाकत नाही, तडकते. काशाची थाळी तीन बोटांवर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. नाद लांबपर्यंत टिकला तर थाळी शाबूत, आवाज घरघरला तर कुठेतरी केसाएवढी भेग आहे. चमच्याने किंवा किल्लीने वाजवून पाहू नका. जर्मन सिल्व्हर हे तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण, त्यात चांदी अजिबात नसते. त्याच्या अत्तरदाण्या चांदीच्या म्हणून घरोघरी जपलेल्या आढळतात.

चुंबक लावा. पितळाला आणि तांब्याला ते चिकटत नाही, पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटते. पण इथे नवखे एका जागी फसतात. जुन्या हंड्या-पातेल्यांचा काठ मजबुतीसाठी लोखंडी तारेवर वळवलेला असू शकतो. फक्त काठाला चुंबक चिकटले म्हणून भांडे नकली ठरवू नका. पोटाला आणि बुडाला लावून पाहा.

मग सांधा शोधा. हाताने घडवलेल्या जुन्या भांड्यात पत्र्याच्या कडा दात्यांसारख्या कापून एकमेकींत बसवत, त्यावर डाख देऊन ठोकत. आत बॅटरी धरली की बुडाजवळ किंवा पोटावर उभी अशी नागमोडी, किंचित पिवळसर रेघ दिसते. डाखाचा रंग पत्र्यापेक्षा वेगळा असतो, तांब्यावर तर पटकन कळतो. सरळ, एकसारखी आणि फुगीर रेघ दिसली तर ते अलीकडचे वेल्डिंग. पण तेवढ्यावरून भांडे नवे म्हणू नका, जुन्या भांड्याला नवे बूड बसवलेले असेल. काठापासून बुडाकडे पत्र्याची जाडी बोटांनी चाचपत गेलात तर बुडाशी ती अचानक बदलते.

मठाराच्या, म्हणजे हातोडीने ठोकल्याच्या, खुणाही पाहा. हाताने ठोकलेल्या खुणा ओळीत असल्या तरी एकसारख्या नसतात, कुठे खोल, कुठे एकमेकींवर चढलेल्या. यंत्राने दाबलेल्या खुणांत तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो. याउलट चरकावर (लेथवर) फिरवल्याच्या बारीक गोल रेघा हा नवेपणाचा पुरावा नव्हे. जुने ओतीव कामही चरकावर साफ करत.

समईचे भाग सोडवा: बैठक, खांब, तेलाची वाटी, वरचा कळस किंवा मोर. जुने आटे हाताने पाडलेले, जाड आणि कमी फेऱ्यांचे असतात. एक भाग दुसऱ्यात ठरावीक जागीच नीट बसतो, आणि ती जागा कळावी म्हणून दोन्ही भागांवर टोच्याने एक-दोन टिंबे मारलेली आढळतात. टिंबे जुळत नसतील, किंवा भागांच्या आतल्या बाजूंचा पिवळेपणा वेगळा असेल, तर दोन समयांची एक समई झालेली आहे. कोकणात भावांच्या वाटण्यांत असे सर्रास झाले. किंमत कमी होते खरी, पण आमच्या मते अशी समई घराच्या इतिहासाच्या दृष्टीने जास्त बोलकी.

अक्षरे वाचताना एकच प्रश्न विचारा: ती ओतताना उठलेली आहेत की नंतर कोरलेली? उठावाची अक्षरे साच्यातच असतात, म्हणून त्यातले साल बहुधा वस्तूचेच साल. कोरीव किंवा टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे वस्तूनंतर पन्नास वर्षांनीही घातलेली असू शकतात. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या अनेक देवळांत गेल्या. अशी घंटा दिसली तर तिच्यावर उठावाचा क्रूस आणि रोमन अक्षरे मिळतील. शेजारी मागाहून काही कोरले असेल तर ते देवळाचे, घंटेच्या जन्माचे नव्हे.

भांड्यांवरचे साल बहुधा शकाचे असते. त्यात ७८ मिळवा: शके १८३२ म्हणजे इ.स. १९१०-११. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. मोडी अक्षरे असतील तर स्वच्छ फोटो काढून जाणकाराला दाखवा, अंदाजाने वाचू नका. वजनाचा आकडाही कामाचा असतो. इंग्रजी अमलातला पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पाच शेरांचा छाप असलेला हंडा काट्यावर ४.६५ किलोच्या आसपास भरला पाहिजे. थोडा कमी भरला तर ती झीज, किलोभर फरक आला तर बूड किंवा कड्या बदलल्या आहेत. किलोचा छाप असेल तर भांडे दशमान पद्धत आल्यानंतरचे. तिचा कायदा १९५६ चा, आणि प्रत्यक्षात बाजारात ती १९५८ ते १९६२ या काळात रुजली.

आता हिरवा रंग. गडद, गुळगुळीत, घट्ट चिकटलेला हिरवा-तपकिरी थर निरुपद्रवी आहे, तो धातूचे रक्षणच करतो. फिकट हिरवी, नखाने भुगा होणारी पूड मात्र रोगट. खाऱ्या हवेतले किंवा घासताना लावलेल्या मिठातले क्लोराइड धातूत शिरते, दमटपणा आणि प्राणवायूशी मिळून पूड तयार होते, आणि त्या क्रियेत निघालेले आम्ल पुन्हा आतला धातू खाते. म्हणून पूड पुसली तरी आठवड्याने परत येते. शंका असेल तर वस्तू हवाबंद डब्यात ठेवा, शेजारी वाटीत ओला कापूस, कापूस वस्तूला न लागता. एका दिवसात नवे फिकट हिरवे ठिपके उठले तर रोग चालू आहे. अशी वस्तू बाकीच्यांपासून बाजूला काढा, कोरडी ठेवा आणि संग्रहालयाच्या जतन विभागाचा सल्ला घ्या.

लाकूड

साग, शिसव आणि फणस ही तीन लाकडे ओळखता आली तरी पुष्कळ झाले. फणसाचे ताजे लाकूड पिवळेधमक असते आणि वर्षांनुवर्षे तांबूस-तपकिरी होत जाते. कप्प्याच्या आत किंवा सांध्यात, जिथे उजेड पोचत नाही, तिथे मूळ पिवळी छटा शिल्लक राहते. आत-बाहेर एकच गडद रंग असेल तर रंग चढवलेला आहे. जुन्या पेटीची किंवा कपाटाची पाठ बहुधा पॉलिशविना, कोरडी आणि करडी असते. ती सफाईदार दिसली तर संशय घ्या.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून एकाच फळीतून केलेली जुनी गोल वस्तू पूर्ण गोल राहत नाही. फूटभर व्यासाच्या झाकणाचे माप दोन दिशांनी घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर तो वयाच्या बाजूचा पुरावा.

खिळे पाहा. हाताने घडवलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाआधी नव्हताच. अर्थात एखादा नवा खिळा म्हणजे दुरुस्ती, सगळेच खिळे नवे म्हणजे नवी पेटी.

किड्याची भोके सगळ्यात फसवी. जुन्या वस्तूत भोके असतातच असे समजून ती ड्रिलने पाडून विकली जातात. बारीक तार घालून पाहा: ड्रिलचे भोक सरळ खोल जाते, किड्याचे लगेच वळते. किडा पृष्ठभागावर फक्त बाहेर पडायचे गोल भोक ठेवतो. लाकडावर त्याचे लांब उघडे चर दिसत असतील तर ते लाकूड किडल्यानंतर पुन्हा तासले आहे, म्हणजे जुन्या तुळईचे नवे टेबल. विनाकारण उरलेल्या रिकाम्या खाचाही तेच सांगतात. मोडलेल्या घरांचे कोरीव खांब चिरून आरशांच्या चौकटी करणे हा तेजीतला धंदा आहे. चौकट म्हणून वस्तू वाईट नसते, फक्त ‘दीडशे वर्षांची चौकट’ या नावाने पैसे मोजू नका. भोकांखाली पिठासारखी ताजी पूड पडत असेल तर किडा जिवंत आहे, ती वस्तू घरात घेऊ नका.

चिनी माती आणि कौले

इथे थोडक्यात. पोर्सिलीनच्या पातळ कडेमागे बॅटरी धरली तर उजेड पलीकडे झिरपतो, साध्या चिनी मातीतून नाही. बुडावरच्या देशाच्या नावाने काळ बराच अचूक कळतो. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून निर्यातीच्या मालावर देशाचे नाव घालायची प्रथा पडली. त्यामुळे नुसते ‘इंग्लंड’ असेल तर त्या सुमारापासून पुढचे, ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा विसाव्या शतकातले. ‘निप्पॉन’ १८९१ ते १९२१, त्यानंतर ‘जपान’. तुळशीवृंदावनावर किंवा ओटीच्या भिंतीत लक्ष्मी-सरस्वतीच्या उठावाच्या रंगीत लाद्या असतील तर सुट्ट्या लादीची पाठ पाहा. अशा लाद्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून जपानमधून खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी येत होत्या. भिंतीतली मात्र पाठ पाहायला उचकटू नका.

मंगलोरी कौलाच्या पाठीवर ‘१८६५’ वाचून हरखून जाऊ नका. ते बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कारखाना काढला ते साल, कौल भाजल्याचे नव्हे. नाव वाचा. पहिल्या महायुद्धात तो कारखाना मिशनच्या हातून गेला आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आला. म्हणजे बासेल मिशनचे नाव आधीचे, कॉमनवेल्थचे नंतरचे.

तसबिरी, गंजिफा, चित्रकथीच्या पोथ्या

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. माजघरातली लक्ष्मी तिथली आहे का, हे भिंगाखाली कळते. शिळेवरून छापलेल्या चित्रात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वेगवेगळ्या आकाराचे असतात आणि रंग एकावर एक चढलेले दिसतात. ऑफसेट छपाईत सारख्या ठिपक्यांची ठरावीक फुले दिसतात. ती दिसली की पुनर्मुद्रण. खालच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचे नाव आणि गाव असते, पण चौकटीत बसवताना ही पट्टी फार जणांनी कापून टाकली आहे, त्यामुळे नाव नाही म्हणून चित्र नकली ठरत नाही. साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतील तर काढू नका. ती त्या काळची हौस आहे आणि आज तिलाही मोल आहे.

कागद काचेला चिकटला असेल तर ओढायचे नाही, भिजवायचे नाही. काचेसकट ठेवा आणि कागदाच्या जतनाचे काम करणाऱ्याकडे द्या. जांभ्याच्या भिंतीवर तसबीर लावताना पाठीच्या चारही कोपऱ्यांना अर्धा इंच जाडीचे लाकडी किंवा बुचाचे ठोकळे लावा, म्हणजे मागून वारा खेळतो.

सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, दशावतारी संच १२० पानांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. मोगल पद्धतीचा संच ९६ पानांचा, आठ रंगांचा. आधी रंगवार लावून मोजा आणि कोणती पाने कमी आहेत ते लिहा. मग एकाच रंगाची दोन पाने भिंगाखाली शेजारी धरा. मत्स्यावताराच्या पानांवर हाताने काढलेल्या दोन माशांची शेपटी कधीच तंतोतंत जुळत नाही, छापील पानांत जुळते. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला राजवाड्यात पुन्हा उभी केली, त्यामुळे चांगल्या स्थितीतला संच बहुधा त्यानंतरचा. तो नकली नव्हे, त्याच परंपरेतला आहे, फक्त शंभर वर्षांचा म्हणून घेऊ नका. जुनी पाने खेळून झिजतात ती कडेला, जिथे अंगठा लागतो. लाखेचे रोगण उन्हाने मऊ होते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला संच एकमेकांना चिकटून बसतो आणि सोडवताना चित्रच दुसऱ्या पानावर जाते. पानांमध्ये पातळ टिश्यू घाला, ओले फडके अजिबात नको.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथीकारांच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्यांच्या, पोथ्यांत चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे सांगणाऱ्याला पान उलटून पुढचा प्रसंग दाखवता येतो. सुटे चित्र विकायला आले तर पाठ पाहा. खळीचे डाग आणि फाटलेले तंतू दिसले तर जोडी सोडवली आहे, आणि कथेचा क्रमही तिथेच तुटला आहे. ही चित्रे पाहायची तर पिंगुळीतले ठाकर आदिवासी कला आंगण गाठा. धातूसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, तिथल्या समया आणि अडकित्ते. एका फेरीत एकच दालन, एकाच प्रकारच्या वस्तू, हातात वही. सगळे संग्रहालय दोन तासांत उरकणाऱ्याच्या डोळ्यांत काही राहत नाही.

साफसफाई आणि पावसाळा

रोजच्या पूजेतले ताम्हन-पळी चिंचेने घासा, ती वापरातली भांडी आहेत. ठेवणीतल्या वस्तूला मात्र चिंच, लिंबू, मीठ, राख काहीच नको. आम्लाने पितळातले जस्त आधी निघते आणि तांबूस डाग उरतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत, कारण तिथे आता पितळच राहिलेले नसते. मीठ वर सांगितलेल्या हिरव्या रोगाला बोलावणे धाडते.

कोरड्या ब्रशने धूळ काढा. तेवढ्याने भागले नाही तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रव साबणाचे चार-पाच थेंब घालून मलमलने पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसा आणि लगेच कोरडे करा. विहिरीचे पाणी समुद्राजवळ खारे असते, ते टाळा. हे फक्त रंग किंवा मुलामा नसलेल्या, पूड न सुटणाऱ्या धातूसाठी. लाख, रंग आणि कागद यांना पाणी लावायचेच नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवायची सवयही सोडा. तेल धूळ धरते, खवट होते आणि त्यातली आम्ले तांब्याशी मिळून हिरवा चिकट थर करतात.

पावसाळ्याआधी, मे संपण्यापूर्वी, छोट्या धातूच्या वस्तू रबरी कड असलेल्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. २५ लिटरच्या डब्याला अर्धा किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), कापडी पिशवीत, वस्तूला न लागता. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. वर चढला की जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तीन-चार तास तापवून परत वापरता येते. लाकूड आणि चित्रे या डब्यात घालू नका. इतक्या कोरड्या हवेत लाकूड चिरते, रंग सुटतो. त्यांना भिंतीपासून चार बोटे दूर, जमिनीपासून उंच आणि वारा लागेल असे ठेवणेच बरे. धातू वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो. चांदीला लोकर नको, तिच्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

विकत घेताना आणि कायदा

दुकानदाराला ‘किती जुनी’ असे विचारू नका. ‘कुठल्या गावातून आली, कुणाकडून, काय बदलले आहे’ असे विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून मागा. देवळातले मुखवटे, मूर्ती, पालखीचे भाग यांचा उगम सांगता येत नसेल तर हात लावू नका, भाव कितीही पाडला तरी. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, जुना म्हणूनही तो विकत घेता येत नाही.

१९७२ चा पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार किमान शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची. दगड-धातूच्या मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरवून दिलेल्या प्रकारांची नोंदणी करावी लागते. घरातले हंडे-कळश्या त्या यादीत नाहीत. पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, त्यामुळे दुबईतल्या भावाकडे पणजोबांची मूर्ती पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही जमिनीत दडवलेले सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. सापडल्या जागेचा फोटो आणि खोलीचे माप तेव्हाच घ्या, माती बुजवण्याआधी.